बदकिणीमागची रांग

पहिलं पिल्लू हरवलं त्या सकाळी शेजारची फिलू त्याच्या जागेवर चालायला लागली, आणि दुपारपर्यंत आळीत कुणाला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं.

पिल्लं नातालीन लोपीसची होती. म्हणजे बदकिणीचीच, पण तिला अंड्यांवर बसवलं होतं ते नातालीननं. वसईकडच्या त्या आळीत जवळजवळ प्रत्येक घरामागे वाडी आणि वाडीत बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. केळीला, मोगऱ्याला त्याचंच पाणी जातं. नातालीन पंचवीस वर्षं त्या पाण्यावर बदकं पाळत आली होती. नवरा इनास एसटीत कंडक्टर. लांबच्या गाड्या, मुक्कामाच्या फेऱ्या. आठवड्यातून दोन दिवस घरी असला तर असला. मूलबाळ झालं नाही. बदकं आहेत म्हणून घराला आवाज आहे, असं ती म्हणायची.

त्या वर्षी इनास रिटायर झाला. खाकी कपडे ट्रंकेत गेले आणि दोघं रोज समोरासमोर बसून चहा प्यायला लागली. सुरुवातीला काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे. मग तो तिला गावांची नावं सांगायचा, एका स्टँडनंतर दुसरा, थेट पार बार्शीपर्यंत. ती त्याला कुठलं बदक कुठल्या बदकाचं ते सांगायची. नोव्हेंबरात नऊ पिल्लं निघाली तेव्हा पहिल्यांदाच तो घरी होता. ओली पिल्लं कोरडी होऊन पिवळी होताना बघत तो सगळी सकाळ खुराड्यासमोर उकिडवा बसला. उठताना त्याचे गुडघे धरले आणि नातालीननं त्याला हात दिला. इतक्या वर्षांत तिनं त्याला हात देऊन उठवण्याची ती पहिलीच वेळ.

तर फिलू. फिलू कढीपत्ता न्यायला आली होती. बदकीण खुराड्यातून निघून पायऱ्यांकडे चालली होती आणि मागे एकाला एक लागून पिल्लं. फिलू वाटी हातात धरून बघत उभी राहिली.

"नातालीन, आठच कशी गं? काल नऊ होती."

नातालीन केळीखाली होती. ती वळेपर्यंत फिलूनं वाटी कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवली होती. ती गडग्याच्या फटीतून आत आली, पहिल्या पिल्लाच्या मागे आणि पुढच्या पिल्लाच्या आधी एका बदकाएवढी जागा मोकळी होती तिथे शिरली आणि चालू लागली. ती वाकली नाही की रांगली नाही. नेहमीसारखीच चालत होती, फक्त बदकीण चालेल त्याच वेगानं. पायऱ्या उतरली. पाणी तिच्या कमरेला लागलं, मग छातीला, मग हनुवटीला, आणि तिथेच थांबलं. बदकीण मधल्या खोल पाण्यात गेली तरी ते फिलूच्या हनुवटीच्या वर आलं नाही.

"फिलू," नातालीननं काठावरून विचारलं, "काय करतेस?"

"दुसरी जागा," फिलू म्हणाली.

संध्याकाळी तिचा नवरा बस्त्याव तिला न्यायला आला. बस्त्याव शांत माणूस, फुलांच्या पुड्या बांधताना दिवसभर एक शब्द न बोलणारा. खुराड्याशी उभा राहून तो म्हणाला, "चल, भात झालाय."

"बाय आत गेली की मीपण आत," फिलू म्हणाली. बाय म्हणजे बदकीण.

खुराडं अडीच हात उंचीचं होतं. फिलू त्यात मावली. कशी मावली ते नातालीननं बघितलं नाही. दार लावून तिनं कडी घातली, कारण कडी न घालावी तर मुंगूस येतं.

दोन दिवसांनी गास्परबाबा आले. ते देवळातली, म्हणजे चर्चमधली, घंटा वाजवायचे, वय सत्तरच्या पुढे, आणि फिलूचे ते चुलते. तिला चार शब्द सांगावे म्हणून आले होते. काठीवर टेकून ते पायरीवर थांबले. रांग पाण्यातून वर येत होती. बदकीण पुढे, मग एक पिल्लू, मग फिलू, तिचा परकर गळत होता, मग बाकीची.

"फिलू धरून नऊ असायला हवीत ना?" गास्परबाबा म्हणाले. "ही तर आठ भरतात."

त्यांनी काठी गडग्याला टेकवून ठेवली. मागे सातव्या जागेवर मोकळा गाळा होता, तिथे ते जाऊन उभे राहिले. काठीवाचून त्यांना चालता येतं हे आळीला त्या दिवशी कळलं.

तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की कमी भरल्याचं ज्याला आधी कळतं, तो त्या जागेवर जातो. यात भांडण्यासारखं काही नव्हतं. रविवारी फादरनी मिस्साच्या शेवटी सूचना वाचल्या त्यात हीही वाचली: लोपीस यांच्या वाडीकडून जाताना दाणापाणी घालायला हरकत नाही, मोजू मात्र नये. मग त्यांनी पुढच्या आठवड्यातल्या लग्नांची नावं वाचली.

पिल्लं कुठे जात होती ते कुणालाच कळत नव्हतं. नातालीननं मुंगसाची बिळं बुजवली. घारीसाठी बावखलावर जुनं जाळं ताणलं. पाण्यातल्या मरळ माशावर तिचा पहिला संशय होता, मोठी मरळ पिल्लू खालून ओढून नेते. म्हणून तिनं गळ टाकून तीन मरळी काढल्या आणि तिन्हींची पोटं चिरून बघितली. पोटांत बेडूक होते. तिनं खुराड्यात बसलेल्या गास्परबाबांना विचारून बघितलं.

"बाबा, तुमच्या पुढचं पिल्लू गेलं तर तुम्हाला दिसेल ना?"

"मी पुढच्याची मान बघतो. ती हलते तशी मी हलवतो."

"आणि मागचं?"

"मागं बघायचं नसतं."

"का?"

"बाय बघते," ते म्हणाले.

बस्त्याव मात्र दुसऱ्या दिवसापासून काठावर येऊन बसायला लागला होता. सकाळी यायचा, पायरीच्या बाजूला केळीच्या सोपटावर बसायचा आणि मोजायचा. लोक वाडीजवळून जाताना मान वळवत, हा मात्र ओठ हलवत बसलेला. नातालीन त्याला म्हणाली, "बस्त्याव, नको रे असं करू. तूपण जाशील."

"हो," तो म्हणाला.

तिसरं पिल्लू गेलं ते आठव्या दिवशी. बस्त्यावला लगेच कळलं. "आठ," तो म्हणाला, आणि हसला. नातालीननं त्याला लग्नानंतर हसताना बघितलं नव्हतं. तो उठला, कपडे झटकले आणि रांगेत गेला. पण जागा रिकामी होती ती शेवटची, नववी. फिलू दुसरी. तिच्या आणि त्याच्यामध्ये पाच पिल्लं आणि गास्परबाबा. त्याला वाटलं होतं की तो तिच्या जवळ जाईल. आता दिवसभर रांग वळली की तेवढ्यापुरती त्याला तिची पाठ दिसायची, आणि रांग सरळ झाली की दिसेनाशी व्हायची. फिलू मागे बघत नव्हती. आपला नवरा मागे आहे हे तिला माहीत होतं की नाही कोण जाणे. नातालीननं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नववा ना? असू दे."

त्या रात्री नातालीन जेवली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. इनास एकतीस वर्षं डोकी मोजत आला होता. स्टँडवरून गाडी हलायच्या आधी मागपासून पुढपर्यंत नजर टाकायची आणि आकडा तयार. ही सवय त्याच्या डोळ्यांत इतकी मुरली होती की देवळात बसला तरी बाकावरची माणसं तो मोजायचा, ताटात वाढलेले बोंबील मोजायचा. त्याला मोजू नको म्हणणं म्हणजे पापणी लववू नको म्हणण्यासारखं होतं.

सकाळी तिनं त्याची खुर्ची उचलून पुढच्या ओट्यावर नेली, रस्त्याकडे तोंड करून ठेवली.

"मागं यायचं नाही," ती म्हणाली.

"बरं."

"खिडकीतूनपण नाही."

"बरं म्हटलं ना." मग म्हणाला, "पण मला ऐकू येतं, नातालीन. पायऱ्या उतरताना प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो. मी बघतच नाही, तरी कळतं."

म्हणून तिनं त्याच्या कानात कापूस घातला आणि वरून मफलर बांधला. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद झालं. चहा झाला की ती त्याच्या खांद्याला हात लावायची. भात झाला की दोनदा लावायची. आत्ता आत्ता कुठे त्यांना एकमेकांशी बोलायला सुचायला लागलं होतं. तो रस्त्याकडे बघत बसायचा आणि गाड्या गेल्या की त्यांतली माणसं मोजायचा, कुणाला त्रास न देता.

तिची स्वतःचीही गत सोपी नव्हती. दाणा तिलाच घालायचा, खुराडं तिलाच उघडायचं. ती एका वेळी एकाच पिल्लाकडे बघायला शिकली. त्याच्याकडे बघून झालं की डोळे मिटायची, मान वळवायची आणि मग दुसऱ्याकडे बघायची. अशानं बेरीज होत नाही. कणी आणि कोंडा भिजवून परातीत ओतायची, आणि परातीकडेच बघत बसायची. चोचींचा आवाज यायचा, त्यात तीन माणसांच्या बोटांचाही. ज्या पिल्लांना तिनं अंड्यात असताना रोज उन्हाला धरून बघितलं होतं, ती आता एकत्र कशी दिसतात हे तिला माहीत नव्हतं.

मग तिनं ठरवलं की बाहेर ठेवायलाच नको. तिनं बदकिणीला उचलून स्वयंपाकघरात आणलं. मागे सगळी रांग आली. मोरीत पाणी भरून ठेवलं, दारं लावली, खिडक्यांना पोती लावली. बदकीण मोरीत बसली, पिल्लं तिच्याभोवती, आणि मोरीत जेवढी जागा होती तेवढ्यात फिलू, गास्परबाबा आणि बस्त्याव बसले. नातालीन चुलीपुढे बसली. पाठ त्यांच्याकडे.

"फिलू, चहा टाकू?"

"बाय घेत नाही ना."

"तू घेतेस ना पण. तीन चमचे साखर घालून घेतेस."

"बाय घेत नाही," फिलू म्हणाली.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी बदकीण ओरडायला लागली.

बदकीण दिवसभर काही ना काही बोलतच असते, पण हे ते बोलणं नव्हतं. एक लांब हाक, मग थांबणं, मग पुन्हा तीच हाक. ती मोरीतून उतरून दारापाशी उभी राहिली होती. नातालीननं दार उघडलं तरी ती बाहेर जाईना. मान मागे वळवून हाक घालायची आणि ऐकत राहायची. तिच्यामागे रांग उभी होती आणि रांगेत कुठेतरी गाळा होता. नातालीननं बघितलं नाही, पण हाकेवरून कळत होतं की गाळा आहे. कितीवा, ते तिनं स्वतःला कळू दिलं नाही. ती मसाल्याच्या बरण्या पुसत बसली.

बंद स्वयंपाकघरातून पिल्लू कुठे गेलं याचा तिनं विचार केला नाही. विचार करायचा तर आधी ते गेलंय असं धरावं लागलं असतं.

हाक दुपारी चालू होती, संध्याकाळी चालू होती. बदकीण दाण्याला शिवली नाही. म्हणून रांगेतल्या कुणीच शिवलं नाही. ती झोपली नाही. म्हणून ती माणसंही उभीच. दुसऱ्या दिवशी आळीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. तरी आवाज भिंतीतून जात होता. तान्ही मुलं दूध ओकू लागली. विहिरीचं पाणी हाक आली की थरथरायचं आणि थांबली की शांत व्हायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी आळीतली चार-पाच माणसं ओट्याशी आली. इनास तिथेच मफलर बांधून बसला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि नातालीनला बोलावलं.

"कुणीतरी मोजून टाका," एकजण म्हणाला. "असं किती दिवस ऐकायचं?"

"तुम्ही मोजा," नातालीन म्हणाली.

"आमची पोरं लहान आहेत," दुसरा म्हणाला. तिसरी बाई फक्त पदर डोक्यावर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "गास्परबाबांचे पाय सुजलेत गं. मी खिडकीच्या पोत्याखालून त्यांचे तेवढे पाय बघितले."

हे खरं होतं. नातालीननंही बघितलं होतं. तीन दिवस उभं राहून त्या म्हाताऱ्याच्या पोटऱ्या खांबासारख्या झाल्या होत्या, आणि तो तक्रार करत नव्हता.

"मी जाते," ती म्हणाली. "मला भात उतरवू दे, मग जाते."

इनासला यातला एक शब्द ऐकू गेला नव्हता. पण तो माणसांची तोंडं वाचण्यात जन्म घालवलेला माणूस. गर्दीतून कोण उतरणार आणि कोण पुढे जाणार हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. नातालीननं भात उतरवला, हात पुसले आणि त्याच्या खांद्याला हात लावायला म्हणून ओट्यावर आली. किती वेळा लावायचा ते तिला सुचेना. खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर मफलर होता आणि मफलरवर कापसाचे दोन बोळे.

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"इनास, नको," ती म्हणाली.

"तू मोजलंस तर ह्यांना दाणा कोण घालील?" तो म्हणाला. पंधरा दिवसांनी त्याचा आवाज ऐकून तिला तो मोठा वाटला. "मला तर कणी किती नि कोंडा किती तेपण माहीत नाही."

"मी सांगते. शिकशील."

"आता काय शिकतो." तो हसला. "आणि मी कधीच मोजलंय, नातालीन. पहिल्या हाकेला. कापसातून ऐकू येतं. नुसतं म्हणायचं राहिलंय."

"मग म्हणू नको."

त्यानं तिच्याकडे बघितलं. ती पुढे पुष्कळ दिवस ते बघणं आठवत राहिली, कारण त्यानंतर त्यानं तिच्याकडे वळून बघितलं नाही. मग तो रांगेच्या टोकाला गेला आणि गाडीत जसा मागून पुढे यायचा तसा यायला लागला. बस्त्यावच्या खांद्यावर बोट ठेवलं. पिल्लाच्या पाठीवर ठेवलं. गास्परबाबांच्या, पुढच्या पिल्लाच्या. कुणाला धक्का न लावता, कमरेत थोडा वाकून. पहिल्या पिल्लापर्यंत पोचल्यावर तो सरळ झाला.

"आठ," तो म्हणाला. "पाचवी जागा रिकामी."

हाक थांबली. आळीत इतकं शांत झालं की कुणाच्या तरी अंगणात नळ ठिबकत होता तो ऐकू आला. इनास पाचव्या जागेवर उभा राहिला. बदकीण दारातून बाहेर पडली आणि सगळे तिच्यामागून वाडीत गेले. नातालीन दारात उभी होती. तिनं भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, मग काढलं, मग पुन्हा ठेवलं.

त्यानंतर तिनं त्यांना घरात कोंडलं नाही. पिल्लं कोंडून राहत नाहीत हे कळलं होतं. ती रोज सकाळी कडी काढायची, परात भरायची आणि इनासच्या बाजूनं चालायची. रांगेत नाही, बाजूनं, दोन हात अंतर ठेवून. तिनं त्याला काय काय सांगितलं. ती पंचवीस वर्षं बदकांशी बोलायची तसं बोलत राहिली. सांगायची की पंखांत पिसं आली की आई पिल्लांना सोडते. आधी दाण्यावरून टोचते, मग जवळ येऊ देत नाही, आणि एक दिवस तिला ती आपली म्हणून ओळखूच येत नाहीत. दोन महिने लागतात. मग सगळी मोकळी.

"अजून सतरा दिवस," ती म्हणायची.

"बायला माहीत," इनास म्हणायचा.

"मग तू घरी येशील. बार्शीच्या पुढं कुठला स्टँड ते सांगायचं राहिलंय."

त्याच्या पुढचं पिल्लू मान जिकडे हलवेल तिकडे तो मान हलवायचा. त्याचा शर्ट पाण्यानं हिरवट झाला होता. एकदा तिनं कोरडा शर्ट आणून त्याच्या खांद्यावर टाकला. पुढे बदकीण पाण्यात उतरली, तसा तोही उतरला आणि शर्ट तरंगत काठाला लागला.

पिल्लं वाढत होती. त्या दिवसांत आणखी एकही गेलं नाही. पिवळी लव गळून पांढरी पिसं डोकावू लागली. बदकीण परातीवर पिल्लांना टोचायला लागली तेव्हा नातालीनला इतका आनंद झाला की तिनं फिलूच्या घरी जाऊन बस्त्याव गेल्यापासून बंद असलेलं दार उघडलं, अंगण झाडलं, घागर घासून पालथी घातली. गास्परबाबांची काठी गडग्याजवळ होती ती पुसून ओट्यावर आणून ठेवली. इनासची खुर्ची तिनं ओट्यावरून आत आणली आणि चहाच्या टेबलाशी, आपल्या खुर्चीसमोर लावली.

साठावा दिवस गुरुवार होता. ऊन वर आलं होतं. तिनं खुराड्याची कडी काढली आणि सवयीनं नजर जमिनीकडे ठेवून बाजूला झाली. कुणी बाहेर आलं नाही. थोडा वेळ वाट बघून तिनं आत बघितलं.

पहिलं पिल्लू दाराशी उभं होतं. त्याच्यामागे फिलू. त्यांच्यामागे अंधारात बाकीचे. आणि पिल्लाच्या पुढे, जिथे बदकीण असायची तिथे, पेंढ्यावर नुसता खळगा होता. तिनं हात लावून बघितला. थंड होता.

"बाय कुठंय?" ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत होते.

सोडलं तर मग, तिला वाटलं. ती ताठ झाली. "चला," ती म्हणाली. "झालं. चला आता घरी." आणि ती वळून चालू लागली.

मागे पावलं वाजली. ती फिलूच्या घराकडे गेली. दार सताड उघडं होतं, अंगण झाडलेलं होतं. ती उंबऱ्याशी बाजूला होऊन थांबली, की फिलूनं आत जावं. पावलंही थांबली. "जा ना गं," ती समोर बघतच म्हणाली. तिच्या अगदी मागून, पिल्लाच्याही मागून, फिलूचा आवाज आला, "तू गेलीस की मी."

ती पुढे निघाली. मग तिला एक सुचलं. ती हळू चालायला लागली. इनासनं मागून यावं, आपल्याशेजारी यावं, म्हणून ती आणखी हळू झाली, इतकी की एक पाऊल टाकून श्वास घ्यायची आणि मग दुसरं टाकायची. मागची पावलंही तितकीच हळू झाली. शेजारी कुणी आलं नाही. वळून बघावं असं तिला वाटलं, आणि मानेला ते जमेना. मान पुढेच राहिली. तिला भूक लागली होती, पण भाताची नाही.

आळीतून जाताना लोक दारांत उभे होते. तिला बघून त्यांनी तोंडं फिरवली. पदर घेतलेली बाई म्हणाली, "आई गं," आणि आत गेली.

वाडीत शिरून ती पायऱ्यांशी आली. तिला पोहता येत नव्हतं. पंचवीस वर्षांत ती शेवटच्या पायरीच्या खाली कधी उतरली नव्हती. ती उतरली. पाणी घोट्यांना लागलं, मग पोटऱ्यांना. ती थांबून राहिली, की सगळ्यांना उतरू दे.

मागे एकेक जण पाण्यात पाय घालत होता. प्रत्येक पावलाचं एक वर्तुळ उठायचं, तिच्या पायांना लागायचं आणि रुंद होत समोर पसरायचं. ते ती बघू शकत होती. पहिलं गेलं, दुसरं गेलं, तिसरं, चौथं. मग पाचव्याच्या जागी पाण्याचा एक सपाट पट्टा तिच्या पायांवरून सरकला, ऊन पडलेला, एक सुरकुती नसलेला. त्याच्यामागून पुन्हा वर्तुळं आली, चार.

नातालीननं मान उंच केली आणि हाक घातली.